सहावीच्या पोरांना दहा मिनिटं डोळे मिटून बसवायचं कसं? (आनापान, मित्र उपक्रम वगैरे)

खडूवाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेत आहे, सहावीचा वर्ग माझ्याकडे, पट ३४. आमच्याकडे मित्र उपक्रम चालू आहे, म्हणजे परिपाठ झाला की दहा मिनिटं आणि शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं आनापान, डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं, बाकी काही नाही. शिवाय आनंददायी शनिवार आहे त्यातही ध्यान, श्वसन हे येतंच. आणि परिपाठात शेवटी दोन मिनिटं मौन असतं ते तर मी शाळेत होते तेव्हापासून आहे.

कागदावर सगळं छान आहे हो. प्रत्यक्षात काय होतं तर पहिलं मिनिट बरं जातं, मग कुणाच्या तरी पोटात गुडगुडतं की मागची लाईन फिसकन हसते, तेवढ्यात शेजारच्या शेडमधून खिचडीच्या फोडणीचा वास येतो, एक जण डोळे किलकिले करून मी बघतेय का ते बघतो, आणि मी बघत असतेच, मग मी डोळे वटारते. म्हणजे पोरांना श्वास बघायला सांगून मी पोलीसगिरी करते. आणि खोटं कशाला बोलू, बरेचदा त्याच दहा मिनिटांत मी पोषण आहाराची ऑनलाईन हजेरी भरून घेते, कारण नंतर रेंज जाते.

आता मुद्दा. वर्गात एक मुलगा आहे, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, हा आजीजवळ राहिलाय. तो डोळे मिटतच नाही. मी दोनतीनदा सांगितलं, चौथ्या दिवशी जरा चढ्या आवाजात बोलले तर रडायलाच लागला. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "मॅडम, डोळे झाकले की ट्रॅक्टर दिसतो." मला पुढे काही बोलता आलं नाही. ज्या ट्रॅक्टरात बसून आईबाप गेले तो. आणि त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत तीन पोरं त्याच्यामागे ट्रॅक्टरचा आवाज काढत पळत होती. सकाळी ध्यान आणि दुपारी हे!

तर या पोराला बसवायचं की सोडून द्यायचं? आणि ती जी आवाज काढणारी तिघं आहेत त्यांना करुणा का काय ती शिकवता येते का, की नुसतं बोधकथा सांगून सोडायचं, कारण बोधकथा तर रोजच सांगतो आपण. आणि जाता जाता अजून एक, एका पालकांनी विचारलंय हे कुठल्या धर्माचं आहे, आणि दुसरे म्हणतायत मग ओंकारच का घेत नाही. दोघांनाही काय सांगू? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा प्लीज, फॉरवर्ड नकोत.

जुना मास्तर

खडूवाली ताई, हजेरी भरायची गोष्ट स्वतःहून लिहिलीत म्हणून उत्तर लिहायला बसलो, नाहीतर या विषयावर लोक एकदम शुभ्र कपडे घालूनच बोलतात.

मी नाशिक जिल्ह्यात घोटीकडच्या भागात ३१ वर्षं जि.प. मध्ये काढली, आता रिटायर. इगतपुरीचं धम्मगिरी, ते विपश्यनेचं केंद्र, आमच्या अंगणातलंच म्हणा ना. आपल्याकडे शिबिराला सुटी मिळते म्हणून मी दहा दिवसांना गेलो होतो, आणि खरं कारण सांगायचं तर त्या वर्षी मुख्याध्यापकांशी वाजलं होतं, दहा दिवस तोंड बघायला नको एवढाच हिशोब. तिथे पहाटे ४ ला घंटा, मोबाईल पहिल्याच दिवशी जमा, कुणाशी बोलायचं नाही, आणि पहिले तीन दिवस नुसतं आनापान. नुसतं! मला वाटलं हे तर आपण पोरांकडून रोज करून घेतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजून बघितलं तर सलग दहा श्वासांवर माझं मन टिकत नव्हतं, सातव्या-आठव्याला मी घरी जाऊन म्हशीला पाणी पाजून परत आलेला असायचो. ५० वर्षांचा बाप्या मी, आणि अकरा वर्षांच्या पोराला म्हणत होतो की दहा मिनिटं हलायचं नाही.

तिथून आल्यावर मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे खुर्ची सोडली. पोरांच्याच तरटपट्टीवर, पोरांच्याच लाईनीत बसायला लागलो, आणि खरंच डोळे मिटायचो. पहिला आठवडा गोंधळ झाला, एकाने माझ्या चपला लपवल्या, होऊ दिलं. दुसऱ्या आठवड्यात गोंधळ कमी झाला कारण बघणाराच कुणी नाही तर चोरून डोळे उघडण्यात मजा काय. आणि दुसरं म्हणजे दहा मिनिटांचा हट्ट सोडला. तीनपासून सुरू केलं, दिवाळीनंतर पाच, दहापर्यंत गेलो ते फेब्रुवारीत, आणि ते सुद्धा रोज नाही.

अजून एक सांगतो, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या शाळांमध्ये 'लक्ष' हा शब्द पोरांच्या कानावर कधी पडतो? "लक्ष कुठंय तुझं?" आणि पाठोपाठ टपली. म्हणजे लक्ष ही वस्तू फक्त हरवलेलीच ऐकलीय त्यांनी, सापडलेली कधीच नाही. मग 'श्वासावर लक्ष द्या' म्हटलं की पोरं आखडतात, आता मार बसणार. मी 'भान' म्हणायला लागलो. पाण्याची कळशी डोक्यावर असताना चालताना कसं भान असतं तसं. आमच्याकडच्या पोरींना हे एका वाक्यात कळलं, रोज दोन कळशा आणायच्या त्या. माइंडफुलनेसला सजगता, अवधान असे भारी भारी शब्द काढलेत लोकांनी, पण पोरांना भानच कळतं.

धर्माचं म्हणाल तर लपवू नका. हे बुद्धाच्या परंपरेतलं आहे, ब्रह्मदेशात टिकलं, सत्यनारायण गोयंका गुरुजी जन्मले मंडालेला, १९६९ ला त्यांनी ते भारतात आणलं, हे सरळ सांगायचं. आणि मग सांगायचं की वर्गात यात मंत्र नाही, मूर्ती नाही, नाव घ्यायचं नाही, नुसता श्वास आहे तसा बघायचा. ओंकारवाल्यांना म्हणायचं की ओंकार चांगलाच आहे, घरी जरूर करा, पण वर्गात ३४ घरांची पोरं आहेत, शब्द आला की कुणाचा शब्द हा प्रश्न येतो, म्हणून बिनशब्दाचं. मी एकदा पालकसभेत पालकांनाच तीन मिनिटं बसवलं. त्यानंतर धर्माचा प्रश्न आला नाही, एका आजोबांना झोप लागली तेवढंच.

करुणेचं मला नीट जमलं नाही, त्यामुळे त्यावर दुसऱ्यांनी लिहा. एवढंच लक्षात आलं की त्या शिबिरात सुद्धा मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, दहाव्या दिवशी येते. आधी नऊ दिवस स्वतःच्या गुडघ्यांशी भांडण. आपण शाळेत सोमवारी श्वास आणि मंगळवारी करुणा मागतो.

शंकासुर

मला एक कळत नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, दोन-दोन वर्ग एका खोलीत, त्यात बीएलओची (मतदार यादीची) कामं, सर्वेक्षणं, रोज कसला ना कसला फोटो अपलोड, आणि वरून पोरांना म्हणायचं श्वास बघा. पोरगं अस्वस्थ आहे कारण त्याचे आईबाप कोयता घेऊन तीनशे किलोमीटरवर गेलेत, त्याच्या नाकात काही बिघाड नाही. शांत म्हणजे गप्प एवढाच अर्थ आहे शाळेत, गप्प बसवायला पूर्वी छडी होती आता ध्यान आहे. खडूवाली ताई, राग तुमच्यावर नाही हां, तुम्ही निदान विचारताय तरी.

ओसरी

शंकासुरांचं निम्मं बरोबर आहे, निम्म्यावर येते.

मी पुण्यात शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, १४ वर्षं झाली. ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या मुलाला डोळे मिटायला अजिबात लावू नका, आजपासूनच. डोळे मिटून आत बघणं सगळ्यांना शांत करतं हा गैरसमज आहे. ज्याच्या आत नुकतंच काही तुटलंय त्याला बाहेरच्या वस्तूचा आधार लागतो, आणि आपण तोच काढून घेतो. डोळे उघडे ठेवून समोरच्या फरशीकडे बघायला सांगा, किंवा हातात एखादा गुळगुळीत दगड द्या, किंवा तळपाय जमिनीला कुठे टेकतायत, गार लागतायत का, खडबडीत लागतायत का ते बघायला सांगा. आणि हे त्याला एकट्याला नको, सगळ्या वर्गाला चॉईस द्या, "ज्याला मिटायचे त्याने मिटा, नाहीतर खाली बघा". म्हणजे तो वेगळा पडत नाही.

दुसरं. हे शाळेत चालतं का, यावर ब्रिटनमध्ये एक खूप मोठा अभ्यास झाला, मिरियाड नावाचा, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ८० च्या वर शाळा, आठ हजारांहून जास्त मुलं, वय साधारण ११ ते १४, म्हणजे तुमच्या वर्गाचंच वय. निम्म्या शाळांत माइंडफुलनेसचे तास, निम्म्यांत नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण. वर्षभराने बघितलं तर मुलांच्या मानसिक आरोग्यात काही फरक नाही. ज्यांना आधीच त्रास होता त्यातल्या काहींचं तर किंचित बिघडलंच असं दिसलं. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, त्यांना कंटाळा आला. पण गंमत पुढे आहे, शिक्षकांचा थकवा कमी झाला आणि शाळेतलं एकूण वातावरण सुधारलं, काही काळ तरी. का? कारण त्या शिक्षकांना आधी स्वतः कोर्स करावा लागला होता! म्हणजे मास्तरांनी चपला हरवून जे शिकलं तेच.

म्हणून माझं मत असं की हे च्यवनप्राश नाही, सगळ्यांना सकाळी एक चमचा. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ मध्ये हॅपिनेस करिक्युलम सुरू झालं, दलाई लामांच्या हस्ते, नर्सरी ते आठवी. त्यात मला आवडलं ते हे की तिथे ध्यान म्हणजे सगळा तास नव्हता. सोमवारी माइंडफुलनेस, मग गोष्टी, मग कृती, आणि शनिवारी मुलांनी बोलायचं, परीक्षा नव्हती. बोलायचा दिवस वेगळा ठेवला होता हे महत्त्वाचं. आपल्याकडे बसवतो पण बोलू देत नाही. तुमचा शनिवार आहेच की, त्यात अर्धा तास पोरांना गोल करून नुसतं बोलू द्या, सुरुवात तुम्ही करा, "या आठवड्यात मला कशाचा राग आला" एवढ्यापासून.

आणि ट्रॅक्टरचा आवाज काढणारी तिघं. त्यांना सगळ्यांसमोर झापू नका, त्याने ती पोरं त्या मुलावरच सूड काढतील, हे मी दहादा पाहिलंय. करुणा हा शब्दही वापरू नका, तो भाषणातला आहे. तुमच्याकडे माया म्हणतात ना? मायेची गोष्ट अशी की ती सांगून येत नाही, काहीतरी काम सोबत करताना येते. त्या तिघांतल्या एकाला आणि त्याला मिळून काहीतरी जबाबदारी द्या, झाडांना पाणी, वाटप, काहीही.

शंकासुर, पोराच्या नाकात बिघाड नाही हे शंभर टक्के मान्य. त्याला आई हवीय. ताई, त्याचं आईशी बोलणं होतं का हो? आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन, हे मला ध्यानाच्या आधीचं वाटतं.

क्युबिकलमधलं कासव

शाळेतलं मला काही कळत नाही पण ऑफिसातलं सांगतो, कारण तिथेही हाच सिनेमा आहे. हिंजवडीत आहे मी, कंपनीचं नाव विचारू नका. आमच्या एचआरने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना एक मेडिटेशन ॲप फुकट दिलं आणि दर बुधवारी दुपारी ३ ला 'माइंडफुल बुधवार', कॉन्फरन्स रूममध्ये दिवे मंद, योगा मॅट, एक मॅडम येऊन सांगायच्या खांदे सैल सोडा. आता आमची क्लायंट कॉल असायची ३.३० ला, त्यामुळे ३.२० ला सगळ्यांचे खांदे परत कानापर्यंत. एकदा तर मॅडम म्हणाल्या विचार येतील त्यांना ढगासारखं जाऊ द्या, आणि बरोबर त्याच वेळी आमच्या मॅनेजरचा मेसेज आला, सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम, थर्रर्र करून, १२ जणांच्या १२ मांड्या थरथरल्या. हसू आवरेना कुणाला. मॅडम पण हसल्या, भल्या होत्या बिचाऱ्या.

२०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या एकाचा पेपर वाचला होता, ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर नोकरदारांचा डेटा, त्यात रेझिलियन्स ट्रेनिंग (ताण झेलायला शिकवणं), माइंडफुलनेस, ॲप असले प्रकार घेणारे आणि न घेणारे यांच्यात सुखासमाधानाचा फरक जवळपास नाहीच. थोडाफार फायदा दिसला तो फक्त स्वयंसेवी काम करणाऱ्यांना. म्हणजे ढग बघण्यापेक्षा दुसऱ्याची बादली उचलणं बरं असं काहीतरी. मी तो पेपर टीमच्या ग्रुपवर टाकला, एचआरने अंगठा दाखवला, वरचा की खालचा ते नीट दिसलं नाही 😄

आमच्याकडे फरक कशाने पडला सांगू? नवीन मॅनेजर आली. तिने पहिल्याच मीटिंगला सांगितलं की रात्री ८ नंतर मी मेसेज टाकला तर तो सकाळी वाचायचा, आणि स्वतःही तसंच वागली. आणि स्टँडअपच्या, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगच्या, आधी अर्धा मिनिट गप्प, कुणी काही नाव दिलं नाही त्याला. माझ्या शेजारच्याचे वडील आयसीयूत होते तेव्हा तिने त्याचं तिकीट स्वतः उचललं, म्हणजे कामाचं तिकीट, आणि रात्री ११ ला कोड ढकलला. यालाच कंपॅशन म्हणत असतील तर मी बघितलंय. बुधवार अजूनही चालू आहे, मी जातो, २० मिनिटं एसीत झोप मिळते.

लीड्सकर मावशी

ओसरी ताईंनी इंग्लंडचं काढलं म्हणून. माझ्या लेकीला इथे सातवीत शाळेत हा कोर्स होता, दहा तासांचा. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, आज आम्हाला बसायला शिकवलं." त्यात एक व्यायाम आहे त्याचं नाव इंग्रजीत गमतीशीर आहे, फॉफबॉक, अर्थ सरळ सरळ 'पाय जमिनीवर, बूड खुर्चीवर'. पोरं नावालाच हसायची आणि हसून हसून करायची. बाकी सगळं विसरली ती, पण जीसीएसईच्या (इथल्या दहावीसारख्या) परीक्षेच्या दिवशी गाडीत पुटपुटत होती, "पाय जमिनीवर, बूड सीटवर". मी मराठीत करून दिलं होतं ना. त्यामुळे काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, पण सगळ्या वर्गातून किती जणांना तेवढं तरी उरलं कुणास ठाऊक.

मी स्वतः नर्स आहे. इथे डिप्रेशन परत परत उलटणाऱ्या पेशंटसाठी माइंडफुलनेसची थेरपी २००४ पासून अधिकृत शिफारशीत आहे, आठ आठवड्यांची, गटात, शिकलेल्या माणसाने घ्यायची. म्हणजे औषध म्हणून त्याला जागा आहे. पण औषध म्हटलं की कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कोण देणार हे आलंच, पाण्यातून गावभर सोडत नाहीत.

आणि एक, माया आटते हो. कोविडच्या वेळी वॉर्डात शेवटी शेवटी मला पेशंटचा हात धरताना काही वाटेनासं झालं होतं, हात धरायचे पण आतून कोरडी. तेव्हा कुणी येऊन मला करुणेवर लेक्चर दिलं असतं तर मी बेडपॅन फेकून मारलं असतं. सिस्टरने, म्हणजे आमच्या वॉर्डच्या मुख्य नर्सने, मला खोलीत बसवून चहा दिला आणि २० मिनिटं माझे पेशंट स्वतः बघितले. खडूवाली, तुम्हाला कुणी चहा देतं का गं शाळेत?

खडूवाली

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. मावशी, चहा मीच करते सगळ्यांना, दोनच शिक्षक आहोत 😀 शंकासुर दादा, तुमचा राग आवडला. ओसरी ताई, फोनचं डोक्यातच आलं नव्हतं माझ्या, लाज वाटली वाचून. त्याला विचारलं तर म्हणाला दिवाळीपासून दोनदा बोलणं झालंय. आईच्या फोनला चार्जिंग नसतं, कोप्यांवर (तोडवाल्यांच्या झोपड्यांवर) लाईट नाही, मुकादमाच्या फोनवर लावावा लागतो आणि आजीकडे बॅलन्स नाही. बघते काय जमतंय. मास्तर, तरटपट्टीवर बसले आज, गुडघे बोलतायत.

जुना मास्तर

बोलू द्या. शंकासुरांना एक सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणता गप्प बसवायचं हत्यार आहे, तर कुणाच्या हातात आहे त्यावर आहे ते. तिहारमध्ये किरण बेदी असताना विपश्यनेची शिबिरं झाली, एप्रिल १९९४ ला तर हजाराच्या वर कैदी एकदम बसले होते. लोकांना तोच आकडा आठवतो. पण त्याआधी झालेल्या शिबिरात कैद्यांबरोबर जेलचे कर्मचारीही बसले होते, हे कुणी सांगत नाही. नुसत्या कैद्यांना बसवून वॉर्डन दंडुका घेऊन उभा राहिला असता तर तुमचंच खरं झालं असतं.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. मान्य. पण बीएलओचं काम कोण काढणार?

जुना मास्तर

ते बुद्धालाही जमलं नसतं.

खडूवाली

तीन आठवडे झाले, काय काय केलं ते लिहिते, ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी.

हजेरी आता मी परिपाठाच्या आधीच भरते, पाण्याच्या टाकीवर रेंज येते तिथे जाऊन, आणि मोबाईल कपाटात. दहाची चार मिनिटं केली. सुरुवातीला श्वास घेतच नाही, पोषण आहाराचं स्टीलचं ताट दोरीला टांगलंय, ते चमच्याने एकदा वाजवायचं आणि आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐकायचं, संपला की हात वर. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात पाच सेकंदात वर, कारण त्यांना वाटलं शर्यत आहे. आता भांडतात, "मॅडम, मला अजून येत होता, याने खोटा हात वर केला." एकीचं म्हणणं आहे की आवाज संपत नाही, तो भिंतीत जातो. मला यावर उत्तर सुचलं नाही, मी म्हटलं उद्या परत ऐकू.

ताट वाजवायचं काम त्या पोराकडे दिलंय, आणि जोडीला ट्रॅक्टरवाल्या तिघांतला एक, त्याने दोरी धरायची म्हणजे ताट हलत नाही. पहिले दोन दिवस एकमेकांकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी दोरी तुटली आणि ताट खडूच्या डब्यावर पडलं, दोघं मिळून खडू गोळा करत होते आणि हसत होते. मैत्री झाली असं मी म्हणत नाही, कालच परत पेन्सिलवरून ओढाताण झाली. पण ट्रॅक्टरचा आवाज परत ऐकला नाही मी.

फोन. दर गुरुवारी संध्याकाळी मुकादमाला लावते, गाडी भरून झाली की तो आईला बोलावतो. पहिल्या वेळी पोरगं फोन कानाला लावून नुसतं उभं होतं, पलीकडून ती विचारत होती, जेवलास का, आजीला त्रास देतो का, थंडीला स्वेटर घालतो का, आणि हा मान हलवतोय. म्हटलं अरे मान दिसत नाही तिला, बोल. तर म्हणाला, "ताट वाजवतो मी शाळेत." एवढंच बोलला. पुढच्या गुरुवारी वर्गातल्या अजून पाच जणांनी विचारलं आमचा पण लावता का, त्यांचेही आईबाप तोडीला आहेत आणि मला त्यातल्या दोघांचं माहीतच नव्हतं, हजेरी लागते म्हणून मी समजत होते सगळं बरं आहे. आता गुरुवारी सहा जणांची लाईन असते, पाच-पाच मिनिटं, मुकादम वेगवेगळे, एकाचा तर कर्नाटकात आहे. सरांना (मुख्याध्यापक) सांगितलं तर ते म्हणाले बिल मी भरतो, तेवढं रेकॉर्डवर आणू नका.

शनिवारचं गोल बसून बोलणं एकदाच जमलं. मी सुरुवात केली की मला या आठवड्यात ऑनलाईन फॉर्मचा राग आला, सगळे हसले, मग एकेक जण बोलला, म्हशीचा राग, मोठ्या भावाचा राग, एकाला गणिताचा. मागची एक पोरगी म्हणाली मला मॅडमचा राग आला, त्या दिवशी त्याला ओरडल्या म्हणून. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं बरोबर आहे तुझं, मलाही माझाच आला होता. पुढच्या शनिवारी नेमकं ट्रेनिंग लागलं आणि राहिलं ते राहिलंच.

परवा वरून आनापानाचा फोटो मागवला, सगळी मुलं ध्यानात बसलेली. काढला. ३३ जणांचे डोळे मिटलेले आणि ताटाशी बसलेला एक समोरच्या फरशीकडे बघतोय, दोन्ही तळपाय सपाट टेकवून. मी पण त्यात नाही कारण फोटो काढायला कपाटातून मोबाईल काढावा लागला. तसाच पाठवला.

आता एक विचारायचंय. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की आईबाप परत येतात, आणि गेल्या वर्षी असं झालं की जे पोरगं तोपर्यंत कसंबसं रुळलेलं असतं ते आई आल्यावर आठवडाभर शाळेतच येत नाही आणि आलं की चिडचिडं. ओसरी ताई, हे का होतं, आणि तेव्हा काय करायचं? त्याच्यासाठी वेगळा धागा काढू का इथेच लिहिता?